मोजणीची जागा

माझा अहवाल चार पानांचा होता आणि त्यातला एकूण एक आकडा बरोबर होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या आठवड्यात जो घोळ झाला त्यात आकड्यांचा काही दोष नव्हता.

आमची कंपनी दोन खोल्यांची आहे, चष्म्याच्या दुकानाच्या वर. पुढच्या खोलीत आम्ही तीन संगणकाची माणसं. मागच्या खोलीत आठ दुभाषी, प्रत्येकाला एक लाकडी कप्पा, पाठीमागे साधा निळा पडदा आणि समोर कॅमेरा. बाकीचे साठ-सत्तर दुभाषी आपापल्या घरून काम करतात. ज्यांना ऐकू येत नाही अशी माणसं आम्हाला व्हिडिओ कॉल करतात आणि काय सांगायचं ते खुणांनी सांगतात. दुभाषी ते पलीकडच्या माणसाला बोलून दाखवतो आणि त्याचं उत्तर परत खुणांत आणतो. पलीकडे कुणीही असू शकतं. बँक, औषधाचं दुकान, घरमालक, सासू.

हे सगळं ज्या सर्व्हरवर चालतं ते आमच्याकडे नाहीत, क्लाउडवर भाड्याने घेतलेले आहेत. क्लाउड म्हटलं की लोक वर बघतात. आमचे चार सर्व्हर शहराबाहेर बारा किलोमीटरवर, एका खिडक्या नसलेल्या इमारतीत जमिनीवरच आहेत.

गेले तीन महिने तक्रारी वाढत होत्या. चित्र अडखळतं, कॉल तुटतो. उपाय दोन होते आणि कोणता घ्यायचा ते मला ठरवायचं होतं.

पहिला उपाय म्हणजे नवा लोड बॅलन्सर. लोड बॅलन्सर हा दारात बसलेला कारकून समजा. कॉल आला की तो कोणत्या सर्व्हरकडे पाठवायचा ते हा ठरवतो. आमचा जुना कारकून पाळीने वाटायचा. पहिला कॉल एक नंबरला, दुसरा दोनला, तिसरा तीनला, चौथा चारला, पाचवा परत एकला. दिसायला अगदी न्यायाचं काम. पण औषधाच्या दुकानाला केलेला कॉल दोन मिनिटांत संपतो आणि आईला केलेला दीड तास चालतो, आणि शनिवारी सकाळी सगळे आईलाच कॉल करतात. मग चारातल्या एकाच्या वाट्याला नेमक्या बोलक्या आया यायच्या आणि त्याच्या नाकी नऊ यायचे, तर शेजारचा माश्या मारत बसायचा. नवा कारकून कोण किती गुंतलंय ते बघून वाटणार होता.

दुसरा उपाय नेटवर्क अ‍ॅक्सिलरेशन. आम्ही त्याला वेगवाढ म्हणायचो. नाव फसवं आहे. काचेच्या तारेतून प्रकाश ज्या वेगाने जातो त्याच वेगाने जातो, तो कुठल्याही विक्रेत्याच्या बापाला वाढवता येत नाही. वेगवाढ एवढंच करते की लांबच्या माणसाचा कॉल दहा कंपन्यांच्या दारांवरून गावाला वळसा घालत येण्याऐवजी त्याच्या घराजवळच्या फाटकातून क्लाउडवाल्यांच्या खासगी तारेवर चढतो आणि सरळ येतो.

दोन्ही एकदम घ्यायला हरकत काय, असं कुणी विचारेल. हरकत माझीच होती. भिंतीवर माझ्या अक्षरात कागद आहे: ‘एका आठवड्यात एकच बदल. गुरुवारी सकाळी.’ दोन वर्षांपूर्वी आम्ही एका दिवसात तीन बदल केले होते आणि दुसऱ्या दिवशी आमचे सगळे दुभाषी पडद्यावर डावखुरे झाले. तिन्हींपैकी कोणत्या बदलाने चित्र उलटं केलं ते शोधायला नऊ दिवस लागले. तेव्हापासून तो कागद तिथे आहे.

सोमवारी मी अहवाल बाईंसमोर ठेवला. बाई म्हणजे आमच्या मालकीण. आधी त्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत गणित शिकवायच्या. कंपनी काढली तरी त्या बाईच राहिल्या.

“चार पानं?” त्या म्हणाल्या. “मला एका ओळीत सांग. काय घ्यायचं?”

“नवा लोड बॅलन्सर.”

“आणि ती वेगवाढ?”

“नको. दोन आठवडे चाचणी घेतली. तिच्याशिवाय चार मिलिसेकंद, तिच्यासकट चार मिलिसेकंद.”

“म्हणजे सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले चार?”

“हो.”

“मग तो विक्रेता मला रोज फोन करून कसला पोवाडा गातो?”

“त्याला विकायचं असतं, बाई.”

“बरं. गुरुवारी बॅलन्सर बसव,” असं म्हणून त्यांनी सही केली. मी समाधानाने जागेवर आले. मोजून केलेल्या कामाचं एक वेगळं समाधान असतं, ते मोजता येत नाही.

त्याच आठवड्यात शनिवारी माझ्या धाकट्या भावाचा कॉल होता.

धाकट्याला जन्मापासून ऐकू येत नाही. तो आमच्याच खालच्या दुकानात चष्म्याच्या काचा घासतो. दीड वर्षापूर्वी इंटरनेटवर बुद्धिबळ खेळताना त्याची एका मुलीशी ओळख झाली. तिलाही ऐकू येत नाही. ती राहते समुद्रापार, चौदा हजार किलोमीटरवर. आमच्यात कुणाला नावाने हाक मारत नाहीत, प्रत्येकाची एक खूण असते. तिची खूण गालावर बोट टेकवून जराशी फिरवायची, म्हणून आमच्या घरात ती खळी. माझी खूण अंगठा आणि तर्जनी यांच्यात इंचभर अंतर ठेवायचं. धाकट्याने ती मी आठ वर्षांची असताना ठेवली. तिचा अर्थ मोजपट्टी.

खुणांची भाषाही देशोदेशी वेगळी असते; खळी आणि धाकटा एकमेकांच्या खुणा शिकले होते आणि लग्न करायचं ठरवून बसले होते. अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी. ते बंदरातले वाटाडे, आयुष्यभर मोठमोठी जहाजं अरुंद खाडीतून धक्क्याला लावून निवृत्त झालेले. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, घरात ही एकच मुलगी. त्यांना ऐकू येतं, पण धाकट्याच्या खुणा त्यांना कळत नाहीत. दोन महिन्यांपूर्वी आमच्याच सेवेवरून त्यांची आणि धाकट्याची पहिली भेट झाली आणि ती पार फसली. धाकट्याने एक विनोद केला, तो पोचायच्या आत चित्र अडकलं. तेवढ्यात ते बायकोच्या आजारपणाबद्दल सांगू लागले आणि त्यांच्या पडद्यावर पूर्ण सव्वा मिनिट धाकटा दात काढून हसत राहिला. नंतर ते खळीला म्हणाले, “याला कधी हसावं ते कळत नाही.”

खळीने खूप समजावलं तेव्हा ते आणखी एकदा बोलायला तयार झाले. एकदाच. शनिवारी आमच्या सकाळी दहाला. खळीने धाकट्याला स्पष्ट सांगितलं होतं की बाबांना दुखवून ती येणार नाही.

“मी करते ना दुभाष्याचं काम,” मी म्हणाले होते. घरात लहानपणापासून मीच ते करत आले.

“तू नको,” तो खुणांनी म्हणाला. “तू माझं बोलणं धुऊन, इस्त्री करून देतेस. विनोद दिसला की सुरकुती समजून काढून टाकतेस.”

“मी कधी काढला?”

“नोकरीच्या मुलाखतीत. मी म्हणालो, मला घ्या, मी कामावर गप्पा मारत बसणार नाही. तू मालकांना काय सांगितलंस? ‘उमेदवार एकाग्रतेने काम करतो.’”

हे खरं होतं. नोकरी मिळाली होती, पण हे खरं होतं.

म्हणून त्याने आमच्या मागच्या खोलीतल्या काकांची वेळ घेतली होती. काका साठीला आलेले. त्यांचे आई-वडील दोघेही कर्णबधिर होते, त्यामुळे ते खुणा आधी शिकले आणि बोलणं नंतर. खळीच्या वडिलांची भाषाही त्यांना येते. त्यांच्या हातून विनोद जसाच्या तसा पलीकडे जातो, फक्त वाट मोकळी हवी.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत धाकटा वर आला. त्याच्या कपड्यांना काचेची पांढरी भुकटी होती. माझ्या टेबलावरचा अहवाल त्याने उचलला आणि उभ्याउभ्या वाचून काढला. तो वाचतो फार भरभर.

“हे मोजलंस कुठून?”

“कुठून म्हणजे? इथून. या खुर्चीवरून.”

“आणि सर्व्हर कुठे आहेत?”

“बारा किलोमीटरवर.”

त्याची डावी भुवई वर गेली. ती वर गेली की समोरच्याने सावध व्हायचं असतं.

“वा. विहिरीच्या काठावर बसून मोजलंस की गावात पाणी किती लांब आहे. आणि चार पानांत लिहिलंस की कुणाला पायपीट पडत नाही.”

मी त्याच्या हातून अहवाल घेतला आणि शेवटचं पान उघडलं. मी भौतिकशास्त्र शिकलेली बाई आहे. आकड्याच्या मागे त्याची चूक किती ते लिहायची मला सवय आहे, ती मी लिहिलीही होती: अधिक-उणे शून्य पूर्णांक तीन. फक्त तो आकडा माझ्या खुर्चीचा होता.

“एक विचारू?” धाकटा म्हणाला. “माझ्या त्या कॉलची मी तक्रार लिहून दिली होती. तिचं काय झालं?”

मी शोधलं. तक्रार सापडली. आलेल्या दिवशीच दुपारी निकालात काढलेली होती. कारण: ‘पलीकडचं नेट खराब.’ निकालात काढणारी: मी.

तो कारणांचा कप्पाही मीच तयार केलेला. लांबून आलेल्या तक्रारी मी त्यात टाकत होते, कारण इथून बघितलं तर आमच्या बाजूला सगळं ठीक दिसायचं. मी तो कप्पा पूर्ण उघडला. तीन महिन्यांत एकंदर दोनशे बारा तक्रारी, त्यांतल्या एकशे एकतीस या कप्प्यात. मी त्या कधी एकत्र पाहिल्याच नव्हत्या.

धाकट्याने माझ्या खांद्यावरून आकडा पाहिला आणि माझ्या केसांत थोडी काचेची भुकटी झटकून खाली कामाला गेला. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मी खळीला संदेश पाठवला. सोबत एक छोटा प्रोग्रॅम दिला. तो तिच्या वडिलांच्या घरातल्या संगणकावर एक दिवस चालू ठेवायचा, बाकी काही करायचं नाही. दर दहा मिनिटांनी तो आमच्या सर्व्हरला दोन वाटांनी हाक मारणार होता, एकदा साध्या आणि एकदा वेगवाढीच्या. तिने लगेच उत्तर पाठवलं: “बाबा विचारतायत, हे काय आहे. मी सांगितलं, मुलाची बहीण खाडीची खोली मोजतेय. ते म्हणाले, मग मोजू दे.”

बुधवारी संध्याकाळी आकडे आले. साध्या वाटेने हाक जाऊन परत यायला सरासरी तीनशे दहा मिलिसेकंद. पण सरासरीचं काही एवढं नव्हतं. कधी दोनशे चाळीस लागायचे तर कधी नऊशे, आणि शंभरातल्या चार हाका वाटेतच हरवायच्या. वेगवाढीच्या वाटेने एकशे नव्वद, फार तर दहा इकडे-तिकडे, आणि हरवलेली एकही नाही. चौदा हजार किलोमीटर जाऊन येण्यात प्रकाशाचेच एकशे चाळीस जातात. उरलेल्या पन्नासाबद्दल मी कुणाशी भांडणार नव्हते.

मी बाईंकडे गेले.

“माझा निष्कर्ष चुकला,” मी म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला. “परत म्हण.”

“माझा निष्कर्ष चुकला. आकडे बरोबर आहेत, पण ते चुकीच्या जागेवरून घेतले.”

“हे वाक्य मला लिहून दे. मी ते तुझ्या त्या कागदाच्या शेजारी लावते.” मग त्या गंभीर झाल्या. “भावाच्या कॉलसाठी म्हणून बदलतेयस का?”

हा प्रश्न मी जिना चढताना स्वतःलाही विचारला होता. “दोनशे बारा तक्रारींतल्या एकशे एकतीस लांबच्या आहेत. भाऊ नसता तरी हेच आधी करायला हवं. पण भाऊ नसता तर मला कळलं नसतं, हेही खरं.”

“आणि शनिवारची गर्दी? तिचं काय करशील? लांबून कॉल सरळ आला आणि इथे सर्व्हरच दमला असेल तर?”

“तेच.”

“दोन्ही बदल कर मग.”

मी भिंतीकडे पाहिलं.

“माझ्याकडे बघू नकोस,” बाई म्हणाल्या. “नियम तुझा आहे. मोडायचा तर कागद तुझ्या हाताने काढ.”

मी धाकट्याकडे गेले. वेळ बदलून घेता येईल का, अकरानंतर गर्दी ओसरते, असं विचारलं. तो म्हणाला, “एकदा त्यांच्या बायकोच्या आजारपणावर हसलो. आता वेळ बदलून मागू? त्यापेक्षा जहाज घेऊन खडकावर जातो.”

कागद मी काढला नाही. दोन बदल एकदम केले आणि शनिवारी काही बिघडलं, तर काय परत फिरवायचं ते मला कळलं नसतं, आणि कळायला नऊ दिवस नव्हते. गुरुवारी सकाळी मी वेगवाढ सुरू केली. शुक्रवारी लांबून एकही तक्रार आली नाही. राहिली गर्दी. तिच्यासाठी माझ्याकडे एकच साधन होतं: एखाद्या सर्व्हरचं दार नव्या कॉलना थोडा वेळ बंद करण्याचं बटण. कारकून बदलायचा नाही, पण त्याच्या शेजारी उभं राहून “याला आत्ता देऊ नको” असं म्हणता येत होतं.

“हा बदल नाही का?” बाईंनी विचारलं.

“नाही. ही मजुरी आहे.”

शनिवारी साडेनऊला बाई फळा घेऊन माझ्या शेजारी बसल्या. त्यांनी चार रकाने आखले. आमचा एक सर्व्हर वीस कॉल सुखाने सांभाळतो, पंचविसाला चित्र अडखळायला लागतं. मी पडद्यावरून आकडे सांगणार आणि त्या फळ्यावर लिहिणार. आकडे पडद्यावर दिसतच होते, फळ्याची काही गरज नव्हती, पण बाईंना खडू हातात असला की सुचतं.

दहाला दोन मिनिटं असताना काका त्यांच्या कप्प्यात गेले. धाकटा खाली दुकानाच्या मागच्या खोलीत बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याचा कॉल आला आणि पाळीने तीन नंबरच्या सर्व्हरला गेला. मला दिसत होती ती पडद्यावरची एक ओळ: कॉलचा क्रमांक, सुरू होऊन किती वेळ झाला, आणि पलीकडे हाक जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात. एकशे ब्याण्णव. एकशे नव्वद. एकशे एक्क्याण्णव. कुणाचाही कॉल आम्ही ऐकत नाही, बघत नाही. तिथे काय चाललंय ते मला कळायचा दुसरा काही मार्ग नव्हता.

“तीन नंबर?” बाई.

“एकोणीस.”

“दार लाव त्याचं.”

“लावलं.”

“एक नंबर बघ, एक नंबर. बावीस झाले. काय गं हे, सगळ्यांच्या आया आजच मोकळ्या?”

मी एकचं दार लावलं, दोनचं आणि चारचं उघडं ठेवलं. सव्वा दहापर्यंत बरं चाललं. मग एकदम दहा-बारा कॉल आले आणि दोनवर कोंबाकोंब झाली; चारवर मात्र छोटे कॉल संपून जागा होत होती. तीनवर नवा कॉल येत नव्हता, पण आधीचे संपतही नव्हते. उलट एका कॉलमध्ये चार घरं जोडली गेली. कुठल्याशा कुटुंबात घराच्या रंगावरून चर्चा चालली असावी. तीनचा भार चढत गेला. बाविसाइतका. तेविसाइतका.

धाकट्याच्या ओळीवर एकशे नव्वद, एकशे नव्वद, दोनशे साठ.

“बाई, हे चारवर हलवायला हवेत. पण चालू कॉल हलवला तर तुटेल.”

बाईंचा खडू फळ्यावर थांबला. “दुभाषी बदलताना काय दिसतं लोकांना?”

हात दुखतात म्हणून वीस मिनिटांनी दुभाषी बदलायचा, हा आमचा कामाचा नियम आहे.

“दोन सेकंद निळा पडदा.”

“मग त्या दोन सेकंदांत उचल आणि तिकडे ठेव. कुणाच्या बापाला कळणार नाही.”

दोन वर्षं ते दोन सेकंद रोज माझ्या पडद्यावर नोंदले जात होते.

बाई उठल्याच. मागच्या खोलीत गेल्या आणि ‘बदली’ लिहिलेली पाटी घेऊन रंगाच्या चर्चेवाल्या दुभाषीणबाईंच्या कप्प्यासमोर उभ्या राहिल्या. दुसऱ्या दुभाष्याने जागा घेतली, निळा पडदा आला, मी कॉल उचलला आणि चारवर ठेवला. चार घरं रंगावर पुढे बोलू लागली. मग दुसरा कॉल, मग तिसरा. घरून काम करणाऱ्यांना बाई फोनवर संदेश पाठवत होत्या: ‘तुमची बदली तीन मिनिटं आधी. कारण विचारू नका.’ एकीने उत्तर दिलं, ‘विचारत नाही, पण देव तुमचं भलं करो, बोटं गळून गेली होती.’

तीन नंबर अठरावर आला. धाकट्याची ओळ पुन्हा एकशे नव्वद.

आणि मग घड्याळात दहा वीस झाले. काकांचीही वीस मिनिटं भरली.

बाई पाटी घेऊन काकांच्या काचेच्या दारापाशी गेल्या. नियम म्हणजे नियम, तो त्यांचा होता. बदली झाली असती तर कॉल तुटला नसता, पण नव्या माणसाचे हात, नवा चेहरा, आणि दोन सेकंद निळा पडदा, नेमका कुठल्या वाक्यावर पडेल कोण जाणे. काकांनी पाटी पाहिली. त्यांचे हात कामात होते. त्यांनी फक्त मान हलवली: नाही. बाईंनी पाटी पुढे केली. काकांनी पुन्हा मान हलवली, या वेळी डोळे मोठे करून.

बाई परत येऊन बसल्या. “स्वतःच्या इच्छेने तीस मिनिटांपर्यंत चालतं,” त्या मला म्हणाल्या, जणू मीच भांडत होते. “शेवटचं कलम आहे तसं.”

असं कलम नव्हतं. सोमवारी त्यांनी ते घातलं.

दहा सत्तावीसला ती ओळ पडद्यावरून गेली. कॉल संपला. मी आकडा वहीत लिहून ठेवला: सत्तावीस मिनिटं, सर्वांत वाईट क्षण दोनशे साठ, एकदाच. याचा अर्थ काय काढायचा? सत्तावीस मिनिटांत होकारही देता येतो आणि सविस्तर नकारही.

काका मनगटं चोळत बाहेर आले. त्यांचे डोळे लाल होते आणि गालावर ओल होती.

“काका, काय झालं?”

“दुभाष्याला कान असतात, हात असतात. तोंड नसतं,” ते म्हणाले. “पाणी दे.”

आमच्याकडे ही शपथच असते, कॉलमधलं बाहेर बोलायचं नाही. मी पाणी दिलं. त्यांनी मोठा घोट घेतला, कुठेतरी नजर लावली आणि एकाएकी ते सगळं पाणी त्यांच्या नाकातून बाहेर आलं. ते खोकत होते, हसत होते आणि एका हाताने मला ‘काही नाही, काही नाही’ अशी खूण करत होते.

“काका, शपथ मोडली हं,” बाई म्हणाल्या.

“मी कुठे बोललो? नाकातून आलं ते धरू नका.”

जिन्यावर पावलं वाजली. धाकटा दोन-दोन पायऱ्या चढतो आणि किती आवाज होतो ते त्याला ठाऊक नसतं. तो आत आला. कपाळावर घाम होता.

“बोल,” मी म्हणाले.

“बसू तर दे.” तो बसला नाहीच. “आधी बायकोबद्दल बोलले. मी ऐकलं. मधे एकदाही हात उचलला नाही. मग त्यांनी विचारलं, तू भांडतोस का? खरं सांग. मी म्हणालो, भांडतो. कडाक्याने. पण दिवा गेला की दोघांनाही थांबावं लागतं.”

मला कळायला अर्धा क्षण लागला. अंधारात खुणा दिसत नाहीत. मग मी हसले.

“खळीचे बाबा त्याच क्षणी हसले,” धाकटा म्हणाला. “काकांचे ओठ थांबले आणि ते हसले. मागेपुढे नाही. मग म्हणाले, त्यांचं आणि बायकोचं उलटं होतं, त्यांची सगळी भांडणं अंधारातच व्हायची, कारण दिवसा ते जहाजावर. आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यावर काका—”

“मी ऐकलेलं नाही,” काका घाईने म्हणाले आणि पुन्हा खोकू लागले.

“आणि हो की नाही?” बाईंनी बोलता बोलता खुणांनीही विचारलं.

धाकट्याने मूठ वर धरून मान डोलवावी तशी दोनदा हलवली. हो. मग पुन्हा एकदा, सगळ्यांना दिसेल अशी.

बाईंनी खडू टाकला आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला. काकांनी त्याला मिठी मारली, ओल्या शर्टासकट. मी जागेवरच बसून होते. आमच्यात मिठ्या मारायची जबाबदारी त्याच्याकडे आहे. तो आला आणि माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवून उभा राहिला. मग समोर येऊन म्हणाला, “एक अडचण आहे, मोजपट्टी. त्यांना दोन बहिणी आहेत. त्यांनाही मला बघायचंय, सगळ्यांनी एकाच कॉलवर. थोरल्या आहेत त्या डोंगरात शाळा चालवतात. धाकट्या एका बेटावर हवामान केंद्रात असतात, तिथे इंटरनेट दिवसातून चारच तास.”

“कधी?”

“पुढच्या शनिवारी.”

मी वहीचं कोरं पान काढलं.

“हे काय? आत्ताच?” तो म्हणाला. “मला वाटलं, रडशील तरी.”

“रडेन. आधी त्यांचे पत्ते दे,” मी म्हणाले. “बेटावरच्या आत्यांचा पहिला.”